नोंद किती घ्यावी

सातारा-सांगलीत उसाच्या लागणीची नोंद कारखान्याच्या गट ऑफिसात होते आणि तोड येते बारा ते अठरा महिन्यांनी. काम कबूल करणे आणि ते पार पाडणे यांत एवढे अंतर पडले की जास्तीचे काम सहज अंगावर घेतले जाते. नोंदीच्या दिवशी रानात नुकती लावलेली कांडी असते. तिचे वजन तेव्हा कुणाला जाणवत नाही.

किती नोंद पेलेल, हे आधी मोजता येते. रोज 5,000 टन गाळणारा कारखाना 150 दिवस चालला, तर साडेसात लाख टन ऊस संपतो. एकरी 40 टन धरले तर हा 18,750 एकरांचा ऊस झाला. पण तो कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत पोचायला तोडकरी लागतात. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला फार तर दोन टन तोडतो. बीड, जतकडच्या टोळ्यांतून 2,000 कोयतेच आले, तर यंत्राची तोड सोडून रोजचा ऊस 4,000 टनांवर थांबतो. मग 15,000 एकरांपुढची नोंद नुसती कागदावर राहते. गाळपक्षमतेच्या आकड्यावर भरवसा ठेवून नोंद घेणे चूकच. जी बाजू सर्वांत अपुरी, तिच्यावरून काम ठरवावे. दोन कारखान्यांची आगाऊ उचल घेणाऱ्या टोळी-मुकादमाचेही असेच होते. पैसे दोन ठिकाणचे, कोयते तेवढेच.

घेतलेल्या कामाचा क्रम लावताना, थांबल्याने काय बिघडते ते पाहावे. जळालेला ऊस सर्वांत आधी. एरवी लागणीची तारीख पाळतात, पण पक्वता वेगळी असते: खोडवा (तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) अकरा-बारा महिन्यांत तयार होतो, आडसालीला सोळा ते अठरा लागतात. तयार ऊस उभा राहिला की तुरा येतो, कांडी पोकळ पडते, वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला जावा. म्हणून गव्हाणीसमोर गाड्यांची रांग लागली असताना आणखी फड तोडायला लावू नये. हा क्रम ओळखीने किंवा तोडकऱ्यांना खुशाली देऊन मोडला गेला, तर ज्याचा खोडवा वाळतो त्या शेतकऱ्याच्या घरचे वर्षभराचे उत्पन्न बुडते.

ऊस गाळपाच्या आवाक्याबाहेर गेला की काय होते, ते 2021-22 च्या हंगामात दिसले. महाराष्ट्रात सुमारे 137 लाख टन साखर झाली, तरी विशेषतः मराठवाड्यात ऊस उरला आणि गाळप जूनपर्यंत लांबले. 1 मेनंतर गाळलेल्या उसाला राज्य सरकारने उतारा घटीपोटी टनामागे 200 रुपये अनुदान जाहीर केले.

नकार द्यायचा तो लागणीआधी. त्यासाठीच कारखान्याचे लागण धोरण असते: कोणत्या महिन्यात, कोणती जात. त्यात किती एकर, हेही तितक्याच स्पष्टपणे यायला हवे. आडसालीची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते. जागा नाही हे जूनमध्ये कळले, तर शेतकरी त्या रानात सोयाबीन पेरतो किंवा शेजारच्या कारखान्याकडे विचारतो. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात कळले, तर दोन्ही वाटा बंद झालेल्या असतात.