दहा लाख वर्षांत काही मिलीमीटर: समुद्रातल्या डोंगरावरचं काळं पुट

आज आपण जरा खोल पाण्यात उतरणार आहोत.

श्रीलंकेच्या दक्षिणेला, विषुववृत्ताच्या थोडं खाली, हिंदी महासागरात एक डोंगर आहे. तळापासून ३ किलोमीटरहून जास्त उंच, तरी माथासुद्धा पाण्याखाली हजार मीटरपेक्षा खोल. नाव अफानासी निकितीन. या नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात आपल्या चौल बंदरात उतरला आणि जुन्नरला गेला. त्याचंच नाव या डोंगराला दिलंय.

डोंगराच्या उघड्या खडकावर लोह आणि मँगनीजचं काळं पुट चढलंय. त्यात निकेल आहे, कोबाल्ट आहे. बहुतेक फोनच्या बॅटरीत असतो, तोच कोबाल्ट.

हे पुट येतं कुठून? चक्क पाण्यातून! समुद्रात काहीशे मीटर खोलीवर ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्याचा थर असतो. तिथे मँगनीज विरघळलेलं राहतं. त्याखालच्या थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त. डोंगर आडवा आला की प्रवाह ढवळले जातात, दोन्ही पाणी मिसळतं, ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि खडकाला चिकटतात. मँगनीज ऑक्साइडवर ऋण भार असतो, म्हणून ते कोबाल्ट-निकेलचे धन आयन ओढून घेतं.

आता वेग ऐका. आपलं नख महिन्याला साधारण ३ मिलीमीटर वाढतं. हे पुट तेवढंच वाढायला बऱ्याचदा दहा लाख वर्षं घेतं!

आणि वाढ अखंड नसते. प्रवाह गाळ झाडून नेतो म्हणून पुट चढतं. गाळ साचला की काम बंद. पण तोच प्रवाह जोरात आला तर चढलेलं पुट घासून नेतो. उतार कोसळला तर तुकडे खाली जातात.

आमच्या भाषेत सांगायचं तर ही लॉग फाइल आहे. नवी नोंद कायम शेवटी, आणि झीज झाली तिथे नोंदी गायब. पॅसिफिकमधल्या अशाच एका पुटात शास्त्रज्ञांना लोह-६० सापडलं. ते किरणोत्सारी असतं, दर २६ लाख वर्षांनी निम्मं होतं. म्हणजे पृथ्वी जन्मली तेव्हाचं आज उरणं शक्य नाही. ती आपल्या जवळपास फुटलेल्या ताऱ्याची धूळ! थर मोजून काळही निघाला: साधारण २० ते ३० लाख वर्षांपूर्वीचा.

मग आज हा विषय का? जानेवारी २०२४ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाकडे अफानासी निकितीनवर शोधकार्यासाठी अर्ज केला. त्या भागावर श्रीलंकेचाही दावा आहे. जपानने तर २०२० मध्ये आपल्या हद्दीतल्या एका डोंगरावरून चाचणीपुरतं पुट खणून वर काढलंय.

माझं मत सरळ आहे. शोध जरूर घ्यावा. नमुने आणल्याशिवाय हा लॉग वाचता येणार नाही. पण यंत्राने खरवडणं वेगळं. ती झीज प्रवाहाची नसते. प्रवाळ आणि स्पंज ज्याला धरून जगतात तो आधारही तिच्यासोबत जातो. बॅटरीचं रसायन बदलता येतं. एलएफपी बॅटरीत कोबाल्ट लागतच नाही. या फाइलचा बॅकअप मात्र कुठेच नाही.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!