घासाघीस कोणाशी, हिशोब कोणाकडे?

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त पुण्यातील एका वस्तीत झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)



आज २४ डिसेंबर. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, म्हणून हा दिवस ग्राहक दिन म्हणून पाळतात. पुढे २०१९ साली त्याच्या जागी नवा कायदा आला आणि जुलै २०२० पासून तो लागू झाला. मी आज इथे कलमे वाचून दाखवायला आलेली नाही. महिन्याच्या ठरावीक पैशात घर चालवणाऱ्या बाईला त्या कायद्याचा आणि थोड्या सावधपणाचा काय उपयोग आहे, एवढेच सांगायचे आहे.

सुरुवातीला एक प्रश्न विचारते. घासाघीस आपण सगळ्याच करतो, पण ती कोणाशी करतो? कोथिंबिरीची जुडी घेऊन बसलेल्या म्हातारीशी करतो. नळ दुरुस्त करायला आलेल्या पोराशी करतो. रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून भांडतो. आणि मोठ्या चकाचक दुकानात गेलो की छापील किंमत मुकाट्याने देतो, पिशवीचे वेगळे पैसे देतो, वर हप्त्याच्या कागदावर न वाचता सही करतो. म्हणजे जो आपल्यापेक्षा कमजोर आहे त्याच्याशी आपण घासाघीस करतो आणि जो बलवान आहे त्याला साधा प्रश्नही विचारत नाही. आपले खरे पैसे जातात ते या दुसऱ्या ठिकाणी.

महाराष्ट्रातल्या बायकांनी याच्या उलट करून दाखवलेले आहे. १९७२ साली दुष्काळ आणि महागाईने लोक हैराण झाले, तेव्हा मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महागाईविरोधी महिला समिती उभी केली. हजारो बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्यांनी गल्लीतल्या भाजीवालीला जाब विचारला नाही. त्यांनी सरकारला आणि साठेबाजांना विचारले की धान्य, तेल, रॉकेल गेले कुठे? प्रश्न कोणाला विचारायचा हे त्यांना बरोबर कळले होते.

आता रोजच्या खरेदीकडे येऊ. पाकिटावर जी किंमत छापलेली असते ती जास्तीत जास्त किंमत असते आणि सगळे कर त्यातच आलेले असतात. त्यावर कोणी ‘जीएसटी वेगळा’ म्हणाला तर ते बेकायदेशीर आहे. छापील किमतीपेक्षा कमी घ्यायला मात्र दुकानदाराला कोणतीही मनाई नाही, म्हणून तिथे भाव विचारायला लाजू नका.

किमतीच्या आधी वजन वाचा. पाच रुपयांचा बिस्किटपुडा वर्षानुवर्षे पाच रुपयांनाच मिळतो, पण आतली बिस्किटे कमी होत जातात. भाव वाढला तर आपण आरडाओरडा करतो, वजन घटले तर कोणाच्या लक्षात येत नाही, हे कंपन्यांना पक्के ठाऊक आहे. म्हणूनच आता पाकिटावर एकक विक्री किंमत छापावी लागते. माल एक किलोपेक्षा कमी असेल तर एका ग्रॅमला किती आणि जास्त असेल तर एका किलोला किती, असा तो आकडा असतो. दोन पाकिटे शेजारी ठेवून हा एकच आकडा पाहा. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त पडते असेही नाही. शॅम्पूची पुडी पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते, याउलट चहा आणि तेल रोज थोडे थोडे घेतले की महाग पडते. अंदाजावर जाऊ नका, आकडा पाहा.

सुट्या मालात काटा महत्त्वाचा. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन खात्याकडून दरवर्षी पडताळणी व्हावी लागते. माल ठेवण्याआधी काट्यावर शून्य आहे का ते बघा. ईद असो की दिवाळी, मिठाई घेताना पुठ्ठ्याचा खोका मिठाईच्या भावाने घेऊ नका. मिठाई खोक्याशिवाय तोलून द्यायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचे वजन टाकीवरच लिहिलेले असते. समजा ते १५.३ किलो असेल, तर भरलेली टाकी २९.५ किलो भरली पाहिजे. टाकी आणणाऱ्याकडे वजनकाटा असायला हवा आणि तुम्ही मागितले तर त्याने तोलून दाखवायला हवे. टाकी घरपोच करण्याचे पैसे बिलातच धरलेले असतात. आता चौथ्या मजल्यावर टाकी खांद्यावरून आणणाऱ्या माणसाला तुम्ही राजीखुशीने दहा-वीस रुपये दिलेत तर त्याला माझा विरोध नाही, मीसुद्धा देते. पण ती आपली माणुसकी झाली. एजन्सीने पैसे अडवून मागितले तर ती वसुली झाली, आणि त्याची तक्रार एजन्सीविरुद्ध करायची असते, त्या हमालाविरुद्ध नाही.

आता घरी येऊन केल्या जाणाऱ्या कामांबद्दल बोलते, कारण सर्वांत जास्त वाद तिथेच होतात. फ्रिज थंड करत नाही म्हणून मेकॅनिक बोलावला की हमखास ऐकू येते, ‘गॅस संपलाय, भरावा लागेल.’ लक्षात ठेवा, फ्रिजमधला गॅस चुलीच्या गॅससारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळला आहे. तेव्हा पहिला प्रश्न ‘गळती कुठे आहे?’ हा विचारा. गळती न काढता गॅस भरला तर काही दिवसांनी पुन्हा तेच दुखणे आणि पुन्हा तेच पैसे. एसीलाही हेच लागू आहे.

पाणी शुद्ध करायच्या मशीनचेही असेच. विक्रेता घरी येतो, मीटर पाण्यात बुडवतो आणि आकडा दाखवून घाबरवतो. तो आकडा पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा असतो, जंतूंचा नसतो. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेले पाणी पिण्यास योग्य धरतात. आकडा त्याच्या बराच खाली असेल तर आरओची गरज सहसा नसते. महापालिकेचे धरणाचे पाणी घरी उकळून घेतले तरी जंतूंचे काम भागते. बोअरचे खारे पाणी असेल तर गोष्ट वेगळी. मशीन घेण्याआधी दर वर्षी फिल्टर बदलायला किती खर्च येतो ते विचारा, कारण मशीनची खरी किंमत तिथे कळते.

कोणताही कारागीर घरी आला की चार गोष्टी आधी बोलून घ्या. नुसते तपासण्याचे किती, आणि काम केले तर ते पैसे बिलात धरणार का? एकूण खर्च किती येईल? तो मोबाईलवर लिहून पाठवायला सांगा. जुना भाग बदलला तर तो आपल्याला परत मिळेल का? आणि तोच बिघाड पुन्हा झाला तर किती दिवसांपर्यंत फुकट करून देणार? काम झाल्यावर तारखेसह पावती घ्या. कंपनीचा दुरुस्तीचा नंबर वॉरंटी कार्डावरून घ्या, इंटरनेटवर शोधून घेऊ नका. आमच्या मार्गदर्शन केंद्रावर एक खाला आल्या होत्या. वॉशिंग मशीनसाठी त्यांच्या मुलाने इंटरनेटवर नंबर शोधला, पलीकडच्या माणसाने दहा रुपये भरायला एक लिंक पाठवली, आणि खात्यातले सगळे पैसे गेले. असे झाले तर तासाभराचाही उशीर न करता १९३० या नंबरवर फोन करा.

हे सगळे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर दुसरी बाजूही आहे. या वस्तीत किती घरांची चूल दुसऱ्यांच्या वस्तू दुरुस्त करण्यावर पेटते? फ्रिज-एसीवाले, प्लंबर, वायरमन, रंगारी, गाद्या भरणारे, हे आपलेच भाऊ आणि आपलीच मुले आहेत. कितीतरी जणी लोकांच्या घरी स्वयंपाकाला, धुण्याभांड्यांना जातात. म्हणजे सकाळी आपण ग्राहक असतो आणि दुपारी दुसऱ्याच्या दारात कारागीर असतो. आपल्या मुलाची मजुरी कोणी पाडून मागितली की आपल्याला राग येतो. मग आपल्या दारात आलेल्याची मजुरी पाडताना तो राग आठवायला हवा.

वर सांगितलेले चार प्रश्न म्हणजे कारागिरावर अविश्वास नाही. प्रामाणिक कारागिराचा त्यात फायदाच आहे. आधी ठरलेले असले की शेवटी तोंड वाजत नाही आणि पुढच्या कामाला पुन्हा तोच माणूस बोलावला जातो. मोबाईलवरच्या ॲपवरून बोलावलेल्या कारागिराला तुम्ही भरलेले सगळे पैसे मिळत नाहीत, कंपनी आपले कमिशन कापून घेते. ‘ॲपवर एवढे, मग तू कमी का घेत नाहीस?’ असे त्याला म्हणण्यापूर्वी हे ध्यानात घ्या. पैसे भागांचे, फसव्या गॅसभरणीचे, नको असलेल्या कराराचे वाचवा. कष्टाचे वाचवू नका.

मोठ्या खरेदीविषयी दोनच गोष्टी सांगते. ‘बिनव्याजी हप्ता’ या शब्दाला भुलू नका. पैसे उसने देणारा फुकट देत नसतो. पुष्कळदा रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती तीच व्याज म्हणून धरलेली असते. दुकानात विचारा, ‘आज पूर्ण पैसे दिले तर किती?’ आणि हप्त्यांची बेरीज, वर प्रक्रिया शुल्क, असे मांडून बघा. दोन आकड्यांतला फरक हेच व्याज.

दुसरी गोष्ट सोन्याची. शादीसाठी वर्षानुवर्षे भिशी लावून आपण दागिना घेतो आणि पावतीच्या नावाने पांढऱ्या कागदावर पेनाने लिहिलेला आकडा घरी आणतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असावा लागतो. अगदी छोट्या, दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्यांना त्यातून सूट आहे. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपमध्ये टाकला की दागिना किती कॅरेटचा आहे ते दिसते. हॉलमार्कचे शुल्क नगामागे असते, वजनावर नसते. पावतीवर वजन, शुद्धता आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. ‘बिल नको, तीन टक्के वाचतील’ हे ऐकायला गोड वाटते, पण सोने कमी कसाचे निघाले तर तुमच्या हातात पुरावा काय?

बिल न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी पाहून गप्प बसू नका. माल सदोष असेल तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, तो परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. रंग आवडला नाही म्हणून परत करणे मात्र यात बसत नाही, तेवढा प्रामाणिकपणा आपणही ठेवायचा.

दुकानदार ऐकत नसेल तर आधी त्याला लेखी कळवा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मराठीतही बोलता येते. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. दुकान दुसऱ्या शहरात असले तरी तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. निकालाला वेळ लागतो हे खरे, पण कागद हातात असलेल्या ग्राहकाशी कंपनी बऱ्याचदा आयोगात जाण्याआधीच तडजोड करते, हे आम्ही केंद्रावर पाहतो.

शेवटचा मुद्दा. एकटीने घासाघीस करून जेवढे वाचते त्याहून जास्त दहा जणींनी मिळून घेतले की वाचते. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने हेच केले. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल घाऊक घ्यायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा. आपल्या वस्तीत बचतगट आहेत, भिशी आहे. पैसे गोळा करायची शिस्त आपल्याला नवीन नाही. त्याच गटाने तेल, डाळ, तांदूळ, साबण एवढ्याच वस्तूंपासून सुरुवात करावी. दुरुस्तीचेही तसेच करता येईल. पाण्याच्या टाक्या धुवायच्या असोत की पंखे-वायरिंग तपासायचे असो, आठ घरांनी मिळून एकाच दिवशी कारागीर बोलवावा. त्याच्या फेऱ्या वाचतात, दिवसभराचे काम मिळते, त्यामुळे तो खुशीने दर कमी करतो. इथे कोणाचीही मजुरी मारलेली नसते.

म्हणून आज जाताना तीन कामे घेऊन जा. घरातली सगळी बिले आणि वॉरंटी कार्डे एका पिशवीत ठेवा. या महिन्याच्या किराण्यातल्या पाच वस्तूंची एकक किंमत बघून वहीत लिहा. आणि आपल्या गल्लीतल्या नऊ जणींची नावे काढा. पुढच्या रविवारी मी याच ठिकाणी येणार आहे. वह्या घेऊन या, पहिली यादी आपण मिळून करू.