जमिनीखालच्या पाण्याची हजेरी

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



घरात पीठ किती उरले हे गृहिणीला डब्याचे झाकण उघडताच कळते. पगारातून किती शिल्लक राहिले, हेही आपणांस ठाऊक असते. परंतु आपल्या पायाखाली पाणी किती उरले आहे, असे कोणी विचारले तर आपण निरुत्तर होतो. नळ कोरडा पडला, बोअर हवा फेकू लागली, म्हणजे मग धावपळ सुरू होते. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

लातूरचे उदाहरण घ्या. शहरास पाणी पुरविणारे मांजरा धरण आटले. मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीस दहा वाघिणी होत्या व पाणी सुमारे ५ लाख लिटर होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. तिच्यातून सुमारे २५ लाख लिटर पाणी येई. विद्यार्थ्यांनो, आता भागाकार करा. २०११ च्या जनगणनेत लातूरची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार होती. माणशी साडेसहा लिटर, म्हणजे धड एक बादलीही नाही! बाकीची भिस्त टँकरवर आणि विंधनविहिरींवर, म्हणजे पुन्हा जमिनीखालच्याच पाण्यावर होती.

हे पाणी राहते कोठे? पुष्कळांची समजूत अशी की, खाली एखादे तळे किंवा नदी आहे आणि बोअर खोल नेली की ती लागते. वास्तविक महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि भेगांमध्ये. जितके खोल जावे तितक्या भेगा साधारणतः कमी होत जातात. म्हणून एकाने दोनशे फूट खणले, शेजाऱ्याने तीनशे फूट खणले, तरी नवे पाणी निर्माण होत नाही. बहुधा पहिल्याचेच पाणी दुसऱ्याकडे जाते. ज्याच्याजवळ पैसा आहे तो आणखी खोल जातो. ज्याची भिस्त गल्लीतील हातपंपावर आहे, त्याची सुट्टी होते! आणि मग हंडा-कळशी घेऊन रांगेत कोण उभे राहते? आपल्या मुली. टँकर येण्याची वेळ आणि शाळेची घंटा पुष्कळदा एकच असते.

यावर उपाय काय? पहिला उपाय मोजणीचा. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते: जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास. पावसाळ्यानंतरची पातळी मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात आणि पाऊस किती पडला हेही पाहतात. त्यावरून पुढे कोठे टंचाई येईल याचा अंदाज आधीच बांधता येतो.

समजा, एका विहिरीत ऑक्टोबरात पाणी जमिनीखाली सरासरी ४ मीटरवर असते. यंदा ते ७ मीटरवर आहे. हे तेव्हाच कळले तर नगरपालिकेस सात-आठ महिने मिळतात. धरणाचे पाणी किती सोडावे, विहिरींचे किती उपसावे, पाळ्या केव्हा लावाव्यात, कोणत्या जुन्या विहिरी साफ कराव्यात, हे सारे शांतपणे ठरविता येते. तीच गोष्ट एप्रिलमध्ये कळली तर टँकरवाचून दुसरा इलाज उरत नाही.

पातळीचे हे ज्ञान आपल्या मुलखाला नवे नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी शहर, म्हणजे पुढचे औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविले. डोंगराकडील भूजल त्याने जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. त्या काळी पंप नव्हते. उगमाकडची पातळी शहरापेक्षा उंच असेल तरच पाणी आपोआप वाहणार. पातळीचा अचूक अंदाज घेतल्याशिवाय हे काम होणे शक्य नव्हते.

आता आपण काय करावे ते सांगतो. सरकारी निरीक्षण विहिरींत आपल्या मोहल्ल्यातील प्रत्येक विहीर असणे शक्य नाही. ती उणीव शाळा भरून काढू शकते. शाळेच्या परिसरातील चार-पाच विहिरी निवडाव्यात. कठड्यावर रंगाने एक खूण करावी आणि दरवेळी तेथूनच मोजावे. टेपला वजन बांधून खालच्या भागास खडू लावावा व टेप पाण्यात सोडावा. खडू ओला झालेली रेघ आणि खुणेजवळचा आकडा यांची वजाबाकी म्हणजे पाण्याची खोली. तीतून कठड्याची उंची वजा करावी. खूण ते पाणी ९.६ मीटर आणि कठडा ०.६ मीटर, तर पातळी जमिनीखाली ९ मीटर. पंप चालू असताना किंवा नुकताच बंद झाला असताना मोजू नये; सकाळी, उपसा सुरू होण्यापूर्वी मोजावे. आणि एक ताकीद: विद्यार्थ्यांनी एकट्याने विहिरीजवळ जाता कामा नये. शिक्षक किंवा पालक सोबत हवेतच.

दर महिन्याचा आकडा वहीत लिहावा व त्याचा आलेख वर्गात लावावा. प्रत नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला द्यावी. दोन-तीन वर्षांत त्या आलेखावरून आपल्या गल्लीची विहीर केव्हा भरते आणि केव्हा आटू लागते हे दिसेल. मग नव्या बोअरसाठी कर्ज काढावे, की सर्वांनी मिळून छताचे पाणी गाळून जुन्या विहिरीत सोडावे, याचा निर्णय आकडे पाहून घेता येईल.

पालकांनो, या कामाला लागतो एक टेप, एक वही आणि नियमितपणा. टेप आणि वही शाळा देईल. नियमितपणा आपण मुलांना द्यावा. येत्या पहिल्या रविवारी सकाळी ज्यांना विहीर दाखवावयाची असेल त्यांनी माझ्याकडे नावे द्यावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.