पटकीचा माग : डीएनएच्या अक्षरांतून

पटकी अर्थात कॉलरा आणि कोलकाता यांचा संबंध फार जुना आहे. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी या शहरात पटकीच्या जंतूचा अभ्यास केला. हा जंतू आतड्यात विषद्रव्य सोडतो, हे डॉ. शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये येथेच दाखवून दिले. जंतू कळला, विषही कळले. परंतु एखादी साथ नेमकी कोठून आली, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर डीएनएच्या क्रमवाचनाने मिळू लागले.

डीएनए म्हणजे ए, टी, जी व सी या चार रासायनिक घटकांची दीर्घ साखळी. १९७७ मध्ये फ्रेडरिक सँगर यांनी ती वाचण्याची पद्धत मांडली. साखळीची नक्कल तयार होत असताना तिची वाढ थांबवणारे घटक त्यात मिसळले जातात. त्यामुळे निरनिराळ्या लांबीचे तुकडे मिळतात आणि ते लांबीनुसार मांडले की क्रम उलगडतो. नव्या यंत्रांत असे लक्षावधी तुकडे एकाच वेळी वाचता येतात. पटकीच्या जंतूची सुमारे ४० लाख अक्षरे २००० मध्ये प्रसिद्ध झाली.

या वाचनाचे मोल प्रत्यक्ष साथीत दिसून येते. १९९२ मध्ये भारतात ‘ओ १३९’ हा नवा प्रकार आढळला आणि लवकरच तो कोलकात्यातही पोहोचला. प्रचलित चाचणीत तो ओळखला जात नव्हता. तो परका नसून, बाह्य आवरणाची जनुके बदललेला जुना ‘एल टॉर’ प्रकारच आहे, हे डीएनएच्या तुलनेतून स्पष्ट झाले. २०१० मध्ये हैतीत पटकीची साथ उसळली, तेव्हा तेथील जंतूंचा क्रम नेपाळमधील जंतूंशी जवळजवळ तंतोतंत जुळला.

मात्र क्रमवाचन म्हणजे उपचार नव्हे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाने असंख्य प्राण वाचवले, ते कोणत्याही यंत्राविना. यंत्र जंतूचे मूळ सांगेल, कोणते औषध निष्प्रभ ठरेल याची सूचनाही देईल. परंतु त्यासाठी रुग्णालयात नमुना वेळेवर घेतला गेला पाहिजे आणि निष्कर्ष पाणीपुरवठा विभागापर्यंत पोहोचला पाहिजे. फुटलेली जलवाहिनी वेळेत दुरुस्त झाली, तरच या विज्ञानाचे सार्थक होईल.