वि. स. खांडेकर: कादंबरी आणि पटकथा



पाळीहून पेडण्यामार्गे तेरेखोलची खाडी ओलांडली की शिरोडे दूर राहत नाही. हे फोंडे तालुक्यातले शिरोडे नव्हे, वेंगुर्ले तालुक्यातले, मिठागरांचे. तेथल्या शाळेत १९२० साली बावीस वर्षांचे विष्णु सखाराम खांडेकर शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत राहिले. ‘हृदयाची हाक’, ‘कांचनमृग’, ‘दोन ध्रुव’, ‘उल्का’ या कादंबऱ्या याच काळातल्या. कोकणचे दारिद्र्य त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते. ते रोज वर्गात समोर बसत होते.

कोल्हापूरला हंस पिक्चर्स उभी राहिली, तेव्हा मास्टर विनायकांना असाच लेखक हवा होता. १९३६ च्या ‘छाया’त औषधासाठी चोरी करावी लागलेल्या माणसाच्या कुटुंबाची वाताहत होती. त्या कथेला गोहर सुवर्णपदक लाभले. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यापर्यंतही खांडेकरांचे म्हणणे प्रथमच पोहोचले; ग्रंथालयाच्या उंबरठ्याशी थबकणाऱ्या समाजात ही गोष्ट लहान नव्हे.

पुढे ‘ज्वाला’ (१९३८) आली. तिच्यावर पैसा पुष्कळ खर्च झाला. यश मिळाले नाही. ‘देवता’ आणि ‘अमृत’ही झाले. परंतु पडद्याला प्रसंग हवा असतो, आणि खांडेकरांचा ओढा चिंतनाकडे. त्यांची पात्रे कृती करण्याआधी सुभाषित बोलतात. हा दोष टीकाकारांनी कादंबऱ्यांतही दाखविला, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. पण पानावर वाचक थांबू शकतो, चित्रगृहात तसे थांबता येत नाही.

‘क्रौंचवध’ (१९४२) नंतर दहा वर्षांहून अधिक काळ त्यांची नवी कादंबरी आली नाही. तो दोष एकट्या चित्रपटाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. शिरोड्याने दिलेली शिदोरीही सरत आली असावी. १९४७ साली विनायक गेले, आणि चित्रसृष्टीशी असलेला मुख्य धागाच तुटला.

मग १९५९ साली ‘ययाति’ आली. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतःच्या तोंडाने सांगतात. कॅमेऱ्याला जेथे शिरता येत नाही, त्या मनाच्या तळघरात ही कादंबरी घडते. पटकथा लिहून झाल्यावरच खांडेकरांना हे घर सापडले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. साहित्य अकादमीने १९६० साली तिचा गौरव केला. पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मराठीत प्रथमच आला, तो खांडेकरांकडे. तोवर त्यांची दृष्टी गेली होती.