रास्त भावाचा शिक्का



पेठेत माल नेला की भाव कोण ठरवतो, हे तुम्हांला मी सांगायला नको. आजची हकीकत सातासमुद्रांपलीकडच्या कॉफीवाल्या शेतकऱ्यांची आहे. पण दुखणे तेच.

मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतात डोंगरकपारीच्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. तिची कॉफी १९८८ साली हॉलंडमध्ये 'मॅक्स हॅवेलार' या शिक्क्याने विकावयास आली. जावातल्या रयतेवरील जुलूम सांगणाऱ्या १८६० सालच्या एका डच कादंबरीचे हे नाव. १९८९ साली कॉफीचा आंतरराष्ट्रीय करार मोडला, भाव कोसळले, आणि शिक्क्याचे मोल कळले.

या शिक्क्यामागे अटी काय? बाजार पडला तरी ठरलेला किमान भाव द्यायचा. बाजार चढला तर चढा भाव द्यायचा. धुतलेल्या अरेबिका कॉफीला २०२३ सालापासून रत्तलामागे १ डॉलर ८० सेंट हा किमान भाव झाला. शिवाय २० सेंट संस्थेच्या निधीत. त्यातून शाळा बांधायची की रस्ता, हे सभासद सभा भरवून ठरवतात.

पुढे हा माल युरोपभर पसरला, पण सगळीकडे सारखा नाही. स्वित्झर्लंडात मिग्रोस आणि कोऑप या ग्राहकांच्या मोठ्या सहकारी संस्थांनी तो उचलून धरला. तिथली निम्म्याहून अधिक केळी या शिक्क्याची झाली. जर्मनीत २००६ साली लिडलसारख्या स्वस्त दुकानांतही तो आला. ब्रिटनमध्ये आरंभ १९९४ सालचा. २००७ साली सेन्सबरीजने आपली सगळी केळी या शिक्क्याची केली. पण २०१४ साली दुकानादुकानांत स्वस्ताईची चढाओढ लागली आणि तिथली विक्री घटली. २०१६ साली कॅडबरीने स्वतःच्या योजनेची वाट धरली. २०१७ साली सेन्सबरीजने चहावर आपलेच निराळे नाव लावायचे ठरवले. त्यात निधीच्या विनियोगावर कंपनीचा हात राहणार होता. आफ्रिकेतल्या चहा-उत्पादकांनी जाहीर हरकत घेतली. त्यांचे म्हणणे एवढेच, की पैसा आमच्या घामाचा, तर शब्दही आमचा हवा.

आणखी एक ध्यानात घ्या. शिक्का मिळाला म्हणजे सारे पीक त्या भावाने जाते असे नाही. गिऱ्हाईक जेवढे मागेल तेवढेच जाते. उरलेले नेहमीच्याच बाजारात. म्हणून युरोपातली विक्री घटली की ओआहाकाच्या घराला ते जाणवते.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात जगाचा नकाशा टांगाल तेव्हा ही वाट मुलांना जरूर दाखवा. आणि शेतकरी मंडळी, तुमच्या सोसायटीची सभा भरेल तेव्हा घरी बसू नका. भाव दुसऱ्याने वाढवून दिला तर तो दुसरा काढूनही घेतो. सभेतले मत मात्र तुमचे असते.