बावन्नाव्या वर्षी एमएस-सीआयटी
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेत कविता म्हणायला उभी राहिले की माझे पाय लटपटायचे, हे पहिल्या बाकावरच्यांना आठवत असेल. आजही तसंच होतंय. पण विषय माझा मीच मागून घेतलाय.

२०२१ साली आमचे हे गेले. प्राथमिक शिक्षक होते. बँक, वीजबिल, गॅसचा नंबर, सगळं त्यांच्या हातात. मला एटीएमचं दार आत ढकलायचं की बाहेर ओढायचं, एवढंही माहीत नव्हतं. मग घरातलाच एक मुलगा मदतीला यायचा. त्याच्याकडे कार्ड दिलं, पिन सांगितला. मोबाईलवर मेसेज आला की तोही त्यालाच वाचायला द्यायचे. चश्मा सापडत नाही, असं सांगायचे. खरं तर चश्मा डोक्यावरच असायचा.

जून २०२२ मध्ये जुळे सोलापुरात, घराजवळच्याच केंद्रात नाव घातलं. एमकेसीएल, म्हणजे महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, २००१ साली स्थापन झालं, आणि त्याचा हा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम. आमच्या ह्यांनीही तो केला होता, पण वेतनवाढ अडू नये म्हणून. त्यांचं प्रमाणपत्र कपाटात होतं आणि ते नोकरीवाल्यांचं काम, अशीच माझी समजूत. वर्गात सगळी बारावीची पोरं. मला पाहून एकीनं विचारलं, "काकू, मुलीला सोडायला आलात का?"

धडे पडद्यावर ऑनलाइन उघडायचे, हेडफोन लावून मराठीत ऐकायचे आणि मग करून बघायचं. पहिला आठवडा माउसनंच खाल्ला. दोनदा टिचकी मारायची तर माझ्या दोन टिचक्यांच्या मध्ये चहा होऊन जायचा. मराठी टाइप करताना मात्र मजा आली. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला. जोडाक्षर हवं असेल तर आधी अक्षराचा पाय मोडायचा, अगदी बाईंनी पाटीवर शिकवला होता तसाच.

आणखी एक सांगते, पूर्व भागातल्यांना पटेल. संगणकाला फक्त शून्य आणि एक कळतं, असं सरांनी सांगितलं तेव्हा पोरं गोंधळली. मला वडिलांचा माग दिसला. चादरीच्या जेकार्डवर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरायची. भोक असलं की त्या जागचा उभा धागा उचलला जाणार, नसलं की खालीच राहणार. एवढ्यावर अख्खा मोर उमटायचा. कांड्या भरता भरता आपण हे रोज बघितलंय. घरी येऊन लेकीच्या मदतीनं शोधलं. फ्रान्सच्या जाकारनं १८०४ च्या सुमाराला हे यंत्र केलं. त्याची कार्डं बघूनच बॅबेजनं आपल्या गणकयंत्राला कार्डं लावायचं ठरवलं. १८९० ची अमेरिकेची जनगणनाही भोकांच्या कार्डांवरच मोजली गेली. वडील सातवी शिकलेले. त्यांना हे सांगायला हवं होतं, राहून गेलं.

आता मुख्य गोष्ट. एक्सेलच्या धड्यात सर म्हणाले, घरचा काहीतरी हिशेब टाका. आईच्या सवयीनं मी वहीत लिहायची, कोणत्या तारखेला किती पैसे हातात आले ते. ते एका रकान्यात टाकलं. शेजारी पासबुकातून काढलेली रक्कम. तिसऱ्या रकान्यात वजाबाकीचं सूत्र दिलं आणि कोपरा धरून खाली ओढलं. शून्य, शून्य, ५००, शून्य, १०००... बेरीज आली ९,५००.

मला वाटलं, सूत्र चुकलं. सरांना बोलावलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "काकू, सूत्र बरोबर आहे." पुढं काहीच बोलले नाहीत. बरं झालं.

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी व्हायच्या आत एटीएमवर एकटी गेले आणि पिन बदलला. हात थरथरत होता, पहिल्यांदा चुकलाही. संध्याकाळी त्या मुलाला चहाला बोलावलं आणि छापलेला कागद पुढं ठेवला. ओरडले नाही. तो बराच वेळ कागदाकडं बघत बसला. नंतर हप्त्यानं काही पैसे आणून दिले, काही अजून राहिलेत. त्याच्या आईला मी सांगितलेलं नाही. हे पुस्तकात छापलं जाणार आहे, म्हणून नातंही सांगत नाही. चूक त्याची होतीच. पण वर्षभर पासबुक उघडून न बघणारी मीच होते ना!

अंतिम परीक्षाही ऑनलाइनच, ५० गुणांची. बाकीचे ५० वर्गातल्या कामाचे. पास झाले. किती पडले ते विचारू नका, गणिताच्या सरांसमोर सांगवत नाही.

आपल्यातल्या तिघी मघाशी जेवताना म्हणाल्या, "आमचं सगळं सूनच बघते." बघू दे की. पण महिन्यातून एकदा मेसेज स्वतः वाचा. माझ्याकडे आलात तर शेजारी बसून दाखवीन.

या स्मरणिकेतली नावा-पत्त्यांची यादी मीच टाइप केली आहे. चौघांचे फोन नंबर अजून मिळालेले नाहीत, ते रकाने रिकामे आहेत. कोणाकडे असतील तर चहाच्या वेळी सांगा, लॅपटॉप बरोबर आणलाय.